बोरटोल्याचा गंधार

"आई, तिकडे जाऊन कुणाचा सूर सुधारायचा नाही," गाडी हलता हलता माझी लेक सांगली स्टेशनच्या फलाटावरून ओरडली.

मी म्हटलं, "नाही गं बाई, नाही." आणि खरंच तसं ठरवलं होतं. शाळेत संगीत शिकवण्यात माझा जन्म गेला. बेसूर कानावर पडला की कपाळाला आठी पडते, ती मला पाडावी लागत नाही. पण या खेपेला तोंड शिवून बसायचं असा पक्का निश्चय केला होता, कारण मी सासरी चालले होते आणि पहिल्यांदाच एकटी चालले होते.

माझे यजमान वसंतराव गेल्या उन्हाळ्यात गेले. ते मूळचे बोरटोल्याचे. बालाघाट जिल्ह्यात, कटंगीपासून थोडं आत असलेलं हे गाव. नकाशात मध्य प्रदेश, घरात मराठी. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी त्यांना सांगलीला घेऊन आली आणि मी त्यांना तिथे अडकवून ठेवलं, असं त्यांच्या बहिणीचं म्हणणं आहे.

वसंतराव दरवर्षी दिवाळीनंतर एकटेच मंडईला गावी जायचे. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. धान कापून झालं की त्या मुलखात प्रत्येक गावाचा एक दिवस ठरतो. त्या दिवशी गावात जत्रा भरते, लेकी माहेरी येतात, परगावी गेलेले घरी येतात. नेमक्या त्याच वेळी माझी शाळा उघडायची, त्यामुळे मी लग्नकार्याला गेले, उन्हाळ्यात गेले, मंडईला कधी गेले नाही. आमच्या सासरच्या घराची एक रीत मात्र मला ऐकून माहीत होती. मंडईच्या सकाळी सगळं कुटुंब अंगणात बसून गातं, आणि वर्षभरात घरातलं जे माणूस गेलं असेल त्याचं आवडतं गाणं सगळे मिळून म्हणतात.

म्हणून नणंदेचा फोन आला होता. शेवंताबाई, वसंतरावांची थोरली बहीण. डोळ्यांनी कमी दिसतं, गुडघे गेलेत, पण आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो.

"सुधा, या मंडईले वसंताचं गाणं हाये. तू नाई आली त मी तिकडं येऊन तुले घेऊन येईन."

ती खरोखर आली असती.

वसंतरावांचं गाणं माझ्या चांगलंच ओळखीचं होतं. मामंजींनी रचलेलं साधं भजन. 'माह्या घराची वाट गा देवा, धानातून जाते.' यातल्या 'वाट' या शब्दावर ग येतो, म्हणजे सा-रे-ग-मधला ग, गंधार. वसंतराव तो दर वेळी खाली लावायचे. थोडाथोडका नव्हे, चांगला खाली. कोमल म्हणावा तर तेवढाही खाली नाही, मध्येच कुठेतरी अधांतरी. रोज सकाळी आरशासमोर दाढी करता करता ते गायचे आणि रोज मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "वर घ्या, वर!" ते तोंडाला फेस तसाच ठेवून दारात यायचे आणि म्हणायचे, "तुझा ग पुस्तकातला. माझा घरचा." मला वाटायचं, दुसरं काही नाही, निव्वळ हट्ट आहे.

तुमसर रोड ते कटंगी

रेल्वेच्या प्रवासाचं काय सांगायचं? बसले, आंबले, उतरले. तुमसर रोडला उतरल्यावर मात्र जीव हुशारला. तिथल्या थंडीला धानाच्या पेंढ्याचा वास होता. बसच्या थांब्यावर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. आमच्या सांगलीत शिंगाडा म्हणजे उपासाचं पीठ. तिथे तो काळ्या सालीचा, गरम, दोन बाजूंना शिंगं असलेला मिळतो आणि दातांनी फोडून खायचा असतो. पहिल्याच शिंगाड्याचं शिंग माझ्या ओठाला टोचलं. विकणारी म्हणाली, "हळू बाई, पळून नाई जात तो."

बसमध्ये दुसरी फजिती झाली. मी घरच्यांसाठी सांगलीचं भडंग नेलं होतं. वरच्या फळीवरून पिशवी घसरली, फाटली, आणि अर्धं भडंग शेजारच्या बाईच्या पदरात सांडलं. तिने ते झटकलं नाही. पदर गोळा करून धरला, चार दाणे तोंडात टाकले, पदर मागच्या सीटवर फिरवला आणि मग मला सांगितलं, "तिखट हाये, पण चांगलं हाये." कंडक्टरनेही मूठभर घेतलं आणि हिंदीत विचारलं, "ये कहाँ का मुरमुरा है?"

राज्याची हद्द कुठे ओलांडली ते कळलंच नाही. पाट्यांवर दवाखान्याचं चिकित्सालय झालं, तेवढ्यावरून ओळखायचं. दोन्ही बाजूंना तीच शेतं, कापलेल्या धानाचे तेच रचलेले ढीग, बांधावर तीच मोहाची झाडं.

पदरवाल्या बाईने चौकशी सुरू केली. कोण, कुठल्या, कोणाकडे. मी बोरटोला म्हटलं, शेवंताबाईचं नाव घेतलं. तिने एकदम माझ्या मांडीवर हात मारला.

"मंग तुम्ही वसंताची सांगलीवाली! गाणं शिकवता म्हणे?"

"हो."

"तो सांगे ना मंडईत, बायको मले रोज शिकवते अन् मी रोज नापास होतो." ती हसली, मग पदरातलं उरलेलं भडंग माझ्यापुढे धरून म्हणाली, "घ्या, तुम्हीही खा."

मी खाल्लं.

बोरटोला

घरी पोचले तेव्हा शेवंताबाई सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाटेवर बसलेली होती. लग्न होऊन शेजारच्याच गावात दिलेली ही बाई मंडईच्या दहा दिवस आधीच माहेरी येऊन ठाण मांडते आणि भावाच्या संसाराचा ताबा घेते. भाऊ म्हणजे माझे दीर, दामूभावजी. ते ढोलक वाजवतात आणि बहिणीपुढे बोलत नाहीत.

"बारीक झाली तू," शेवंताबाई माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली. "तिकडं भाकरच खाऊन राह्यली असशील. भाकर बिमार माणसानं खाव."

आम्ही ज्वारीवर वाढलेली माणसं. असलं बोलणं मी दुसऱ्या कुणाचं ऐकून घेतलं नसतं. पण पानात चिन्नोरचा भात पडला आणि माझी बोलती बंद झाली. बारीक दाणा, आणि वास असा की शेजारच्या घरी शिजला तरी समजावं. त्यावर लाखोरीची डाळ आणि बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा. वाढायला माझा पुतण्या प्रवीण होता. त्याचं कटंगीला मोबाइलचं दुकान आहे. तिशीतला, उत्साही, जिभेवर हिंदी जास्त. "काकू, और थोडा भात घ्या ना," असं दर घासाला म्हणायचा.

जेवणं झाल्यावर पेटी काढली. पेटी म्हणजे मामंजींची हार्मोनियम. ती एरवी उंदीर-वाळवीपासून वाचावी म्हणून कापडात बांधून आढ्याला टांगलेली असते आणि फक्त दसरा ते मंडई एवढेच दिवस खाली उतरते. म्हणूनच इतक्या वर्षांत मी ती कधी ऐकली नव्हती. लहानशी, एकाच ओळीच्या सुरांची साधी पेटी, पण पॉलिश लखलखीत. मी मनात म्हटलं, वा! अंगणात पंधरावीस माणसं जमली, शेवंताबाईने पेटी पुढ्यात ओढली, दामूभावजींनी ढोलकवर थाप दिली आणि तालीम सुरू झाली.

'माह्या घराची वाट...'

पहिल्या ओळीलाच गाडी घसरली. 'वाट'वर आल्याबरोबर सगळ्यांची पांगापांग झाली. कोणी वर, कोणी खाली, कोणी वर जाऊन घाबरून खाली येतंय. पेटी ठणठणीत वाजत होती. शुद्ध गंधार, खणखणीत, एक केसभर इकडेतिकडे नाही. माणसं मात्र तिच्याशी भांडत होती.

"दामू, तुहं चुकून राह्यलं!"

"माहं नाई, या पोट्ट्यायचं चुकून राह्यलं."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. मी दात ओठ खात बसले होते. ठरवलं होतं ना, तोंड उघडायचं नाही! आणि तेवढ्यात त्या गोंधळात कडेच्या तीन-चार म्हाताऱ्यांचा आवाज क्षणभर एका ठिकाणी टेकला. कोमल नाही, शुद्ध नाही, अधांतरी. लगेच पेटीने त्यांना ओढून नेलं. पण मी ऐकलं होतं. तो वसंतरावांचा ग होता.

मी उठलेच. "थांबा," मी म्हटलं. "या पेटीला कुणी हात लावलाय?"

प्रवीणने आवरायला घेतलेलं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"काकू, मीच दिलती. बालाघाटला. पॉलिश केलं, भाता नवा टाकला, सगळे सूर ट्यून करून आणले. काकाच्या गाण्याला पेटी एकदम बढिया पाहिजे म्हणून... सरप्राइज होतं."

एक सेकंद कुणाला काही समजलं नाही. मग शेवंताबाईला समजलं.

"आठ दिवसांपासून मी म्हणून राह्यली का माहा गळा गेला! म्हातारी झाली, सूर सुटला म्हणून रडली मी. अन् यानं माह्या बापाची पेटी बदलून आणली!"

मग सगळी हकीगत बाहेर आली. शेवंताबाई लहान असताना पेटीतली एक पत्ती तुटली होती. पत्ती म्हणजे पितळेची छोटी जीभ. हवेने ती थरथरते आणि सूर निघतो. मामंजींनी कुणाच्या तरी मोडक्या पेटीतली पत्ती काढून तिथे ठोकून बसवली. ती होती उतरलेली. ते घर त्याच पेटीवर गायला शिकलं, त्यांची मुलं शिकली, मुलांची मुलं शिकली. अख्खं खानदान त्या एका स्वराला सारखंच चुकत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. माझ्या नवऱ्यालासुद्धा नव्हता. 'माझा घरचा' हे ते शब्दशः खरं सांगत होते.

"वसंता सांगलीले गेला तो गेला," शेवंताबाई म्हणाली. "वर्षाचा एक दिवस येई. आता गाण्यातच घरी यायचा हाये. त्याचं गाणं त्याच्याच सुरात होईन. नाईतर मी तोंड नाई उघडत."

"पेटीशिवाय म्हणू न मंग," दामूभावजी पहिल्यांदाच बोलले.

"बाबाच्या पेटीशिवाय घरचं गाणं? तू पिऊन आला का?"

दामूभावजी पुन्हा ढोलककडे पाहू लागले. परवा मंडई होती.

बालाघाट

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने प्रवीण आणि मी बालाघाटला निघालो. ती जुनी पत्ती मिळाली तर मिळवायची. शेवंताबाईने मला निघताना सांगितलं, "पेटीवाल्याले सोडजो नको." प्रवीणशी ती बोलतच नव्हती.

प्रवीण बिचारा खिडकीला टेकून बसला होता. "काकू, काका मला फोनवर म्हणायचे, पेटी खिळखिळी झाली रे, कधीतरी नीट करून घे. मैंने सोचा, अब नहीं तो कब?" मी त्याला म्हटलं, "अरे, मी असते तर मीही हेच केलं असतं. वर पैजेवर केलं असतं." त्याला जरा बरं वाटलं असावं, कारण बालाघाटला उतरल्यावर त्याने मला ओढत पोहा-जलेबीच्या गाडीवर नेलं. पोह्यांबरोबर जिलेबी! आमच्याकडे असं काही वाढलं तर पाहुणे परत येणार नाहीत. पण पोह्याचा तिखट घास आणि लगेच गरम जिलेबी, हे प्रकरण भलतंच छान लागतं. मी दुसरी प्लेट मागितली. माणूस कितीही काळजीत असो, पोट आपलं काम करतंच.

शेजारच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ नातवाशी मराठीत बोलत होते आणि नातू हिंदीत उत्तरं देत होता. दोघांचं उत्तम चाललं होतं. माझं मराठी ऐकून ते म्हणाले, "पुण्याकडच्या का?" मी सांगली म्हटलं. "एकच ते," असं म्हणून त्यांनी हात झटकला. सांगलीकराला हे ऐकवत नाही, पण मी घाईत होते म्हणून सोडून दिलं.

पेटीचे मिस्त्री दुकानात एकटेच होते. मऊ बोलणारा, स्वच्छ माणूस. त्यांनी प्रवीणला लगेच ओळखलं.

"बहनजी, उसमें एक सुर किसी दूसरी पेटी का था। एकदम उतरा हुआ। निकालकर नया डाल दिया।"

"पुराना कहाँ है?"

"वो तो भंगार में गया।" माझा चेहरा पाहून ते घाबरले. "कुछ गड़बड़ हो गई क्या?"

काय सांगणार? काम नंबर एक होतं. पेटी इतकी सुरेख लावली होती की माझ्या शाळेच्या पेट्या मी डोळे मिटून त्यांच्याकडे दिल्या असत्या. मी म्हटलं, "नहीं, आपने बहुत अच्छा काम किया है," आणि बाहेर आले. बाहेर येऊन मात्र रस्त्यात उभी राहून चिडले. कुणावर ते माहीत नाही.

परतीच्या बसमध्ये प्रवीणने मोबाइल काढला. मागच्या मंडईचा व्हिडिओ होता. मी कानाला लावून ऐकला. ढोलक, पोरांच्या पिपाण्या, कुणाचं तरी 'अरे सरक, सरक'. वसंतराव कडेला उभे, तोंड हलतंय, आवाज काही नाही.

"काकू, तुमच्याकडे काकाचं गाणं असेल ना? रेकॉर्डिंग?"

नव्हतं. एकही नव्हतं. त्यांचं बोलणं होतं, नातवंडांना हाका मारलेल्या होत्या, गाणं नव्हतं. बेसूर गाणं कोण रेकॉर्ड करून ठेवतं?

पत्ती

पत्ती घासून सूर बदलता येतो. टोकाकडे घासली की चढतो, बुडाशी घासली की उतरतो. मला हे येतं, कारण शाळा पेटीच्या दुरुस्तीला कधी पैसे देत नाही आणि मी शेवटी कानस हातात घेतली होती. पण मी आयुष्यभर सूर लावले. लागलेला सूर हाताने बिघडवायचा? त्यापेक्षा मला कुणी नव्या कोऱ्या साडीला कात्री लावायला सांगितलं असतं तरी चाललं असतं. बसमध्येच मी ठरवलं, हे मला येतं असं सांगायचंच नाही.

घरी आलो. शेवंताबाई तशीच खाटेवर, पेटी मांडीशी.

"मिळाली?"

"नाही."

तिने पेटी जवळ ओढली आणि डोळे मिटून ओळ म्हणायला लागली. 'वाट'ला सूर वर लागला. तिने मान हलवली. पुन्हा म्हटली, फार खाली गेला. तिसऱ्यांदा भलतीकडेच.

"गेला व सुधा," ती म्हणाली. "माह्या कानात ते नवं घुसलं. आता मलेच नाई आठवत." आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, भावाच्या दिवसांतसुद्धा नाही. मग एकदम डोळे पुसून तिने माझा हात धरला. "तुले आठवते का? तू त रोज आयकत होती."

मला? मला आठवत नसेल तर कुणाला आठवेल! तो ग मी रोज ऐकला होता. त्याच्याशी भांडले होते. ज्याला सूर आवडतो तो ऐकून सोडून देतो. मी त्याला रोज पकडत होते, रोज मोजत होते, किती खाली, किती खाली. त्या घरातल्या प्रत्येकाचा सूर हलला होता. माझ्या कानातला तेवढा जागच्या जागी होता.

"प्रवीण," मी म्हटलं, "तुझ्या दुकानात बारीक कानस असेल. आणि दाढीचं एक पातं आण."

दुपारची उन्हं सपरीत आली होती. मी पेटीची वरची फळी उचलली, सुरांची पाटी बाहेर काढली, ती नवी चकचकीत पत्ती शोधली आणि तिच्याखाली आधाराला दाढीचं पातं सरकवलं. जास्त घासली तर पत्ती मोडते, आणि मंडई उद्या. पहिला हात फिरवताना मी त्या बालाघाटच्या मिस्त्रींची मनातल्या मनात माफी मागितली.

घासायचं, पाटी बसवायची, भाता हलवायचा, ऐकायचं, पुन्हा काढायची. चार घरची माणसं भोवती जमली आणि प्रत्येकाला मत होतं.

"आनखीन खाली."

"नाई नाई, जास्त झालं."

"बाबाचा याच्यापेक्षा खाली होता."

"तुले काय माहीत, तू तवा पाळण्यात होता!"

"सगळे अंगणात व्हा!" मी शाळेतल्या आवाजात ओरडले. सगळे गेले. दामूभावजी सगळ्यात आधी. फक्त शेवंताबाई हलली नाही, आणि तिला हलवायची माझी हिंमत नव्हती.

मी डोळे मिटले. सांगलीचं स्वयंपाकघर आणलं डोळ्यांसमोर. कुकरची शिट्टी, बादलीत पडणारं पाणी, आरशाच्या कडेला चिकटलेला साबण. गा आता, मी म्हटलं. रोज नको असताना गात होतात, आता गा. आणि ते गायले. मी कानस फिरवली. अजून नाही. पुन्हा फिरवली. अजून एक केस. भाता हलवला, बोट ठेवलं.

शेवंताबाईने श्वास आत ओढला. मी बोट काढलं नाही. तो स्वर तसाच वाजत राहिला. वाकडा, आडमुठा, कुठल्याच पुस्तकात न बसणारा, आणि मी तो ऐकत हमसून हमसून रडले. अजूनही सांगते, तो चुकीचाच आहे. पण माझ्या घरात आता तो कुणी लावत नाही.

अंगणातून प्रवीणचा आवाज आला, "मोठी आत्या, झालं का?"

"हौ," शेवंताबाई म्हणाली. काल रात्रीपासून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. "ये, चहा टाक."

मंडई

मंडईच्या सकाळी गाव ओळखू येत नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना बांगड्यांची, खेळण्यांची, गरम भज्यांची दुकानं, आकाशपाळण्याला पोरांची झुंबड, घराघरांत माहेरवाशिणी. आमच्या अंगणात सतरंज्या कमी पडल्या म्हणून ताडपत्री अंथरली. नागपूर, गोंदिया, लालबर्रा, कुठून कुठून माणसं आली होती. पन्नासेक तरी असतील. बसमधली भडंगवाली बाईही आली. ती शेवंताबाईची चुलत जाऊ निघाली.

रीत अशी, की गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी सगळ्यांकडे तोंड करून समोर बसायचं. पहिल्यांदा गाणं सगळ्यांनी म्हणायचं, दुसऱ्यांदा ओळ घरच्यांनी उचलायची. मी समोर बसले. बाजूला वसंतरावांचा फोटो ठेवला होता. फोटोत ते हसत होते, म्हणजे गायच्या बेतात होते.

शेवंताबाईने पेटीचा भाता हलवला. ढोलक वाजली.

'माह्या घराची वाट...'

पन्नास गळे एकाच ठिकाणी उतरले. एकही इकडे नाही, एकही तिकडे नाही. म्हाताऱ्यांचे, पोरांचे, नागपूरच्या इंजिनिअरचे, हिंदी शाळेत शिकणाऱ्या मुलींचे, सगळे त्या अधांतरी जागेवर असे येऊन बसले, जणू तिथे पाट मांडलेला होता. पन्नास वसंतराव! मला हसू येत होतं की रडू ते कळेना. मी दोन्ही केलं.

गाणं संपलं. आता ओळ मला उचलायची होती. शेवंताबाईने मानेने खूण केली. मी पदर खोचला, घसा साफ केला आणि सुरू केलं. 'माह्या घराची...' आवाज छान लागला होता. तयारीचा गळा आहे माझा, उगाच कशाला लाजू. आणि 'वाट'वर आले, तर तो जन्मभराच्या सवयीने सरळ शुद्ध गंधारावर गेला. स्वच्छ, खणखणीत.

दामूभावजींचा हात ढोलकवर थांबला. पन्नास माणसं माझ्याकडे पाहू लागली.

शेवंताबाईने पेटीवर चापट मारली आणि अख्ख्या मंडईला ऐकू जाईल अशी ओरडली, "सुधा! खाली घे, खाली!"

मी फोटोकडे पाहिलं. मग ओळ पुन्हा पहिल्यापासून उचलली, 'वाट'वर आले, आणि खाली घेतला.